मागच्या सीटवरचा पदर

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक, परडी, सगळं गाठोडं बांधून नदीत सोडलं. अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू-मिरची — यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. माझी आई तर अमावस्येला मुद्दाम डोक्यावरून न्हायची, शेजारणींना दाखवायला.

शाळा माझी चौथीपर्यंत. एकतीस वर्षं नागापूर एमआयडीसीत वेल्डिंग केलं. लोखंडाचं काय होतं ते मला कळतं, बाकी फारसं कळत नाही. ग्राइंडरच्या आवाजानं कान गेले, डाव्या कानानं तर जवळजवळ नाहीच. या सदरात लोक भुताखेताचे अनुभव लिहितात, ते योहान मला चहाच्या टपरीवर वाचून दाखवायचा आणि मी म्हणायचो, रिकामटेकडे आहेत सगळे. आता माझीच पाळी आली. तोच म्हणाला लिही. मी वहीत लिहिलं, झेरॉक्सवाल्या बाईनं टाईप केलं. शब्द माझेच ठेव म्हणून तिला दोनदा बजावलंय.

योहान माझा चाळीस वर्षांचा दोस्त. कंपनीत पेंट शॉपला होता. मूळचा श्रीरामपूरचा. त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्या बापाची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल यानं जपून ठेवलेली. पोरं परदेशात गेली, बायको लेकीकडं राहते, हा गाडी पुसत बसतो. तर या थंडीत श्रीरामपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, एका कॉलेजच्या ग्राउंडवर. योहाननं नाव नोंदवलं आणि माझ्या मागं लागला.

मी नाही म्हणत होतो. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो.

सव्वा वर्षापूर्वी माझी बायको गेली. इंदू तिचं नाव. आमची एकुलती लेक संगीता सुप्याला दिलीय, जावई तिथं कंपनीत आहे. आम्ही दोघं माझ्या शंभर सीसीच्या गाडीवर तिच्याकडं निघालो होतो. गाडीच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असतं, बायकांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी. माझ्या गाडीच्या त्या जाळीचा एक पाय तुटला होता. खडखड वाजायची. मी ती काढली आणि खिळ्याला टांगली, म्हटलं रविवारी टाका मारतो. दोन मिनिटांचं काम. दुनियेची गेटं आणि खिडक्या जोडणारा मी. तीन रविवार गेले.

सुप्याच्या वाटेवर चास गावाच्या पुढं पदर चाकात गेला. ती मागं पडली, डोक्यावर. मला आधी फक्त एवढंच कळलं की गाडी एकदम हलकी झाली... दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

लोक म्हणाले, किसन, क्षणात झालं, तू काय करणार. लेक म्हणाली, आबा, तुम्हाला कसं कळणार. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं — चालकाच्या लक्षात आले नाही. मी सगळ्याला मान हलवली.

त्यानंतर गाडी आवारात प्लास्टिकखाली उभी होती. संगीता म्हणायची भंगारात द्या. मला देववत नव्हतं, इंदू शेवटची तिच्यावर बसली होती. मी एकच काम केलं, दहाव्या दिवशी साडीगार्डाला टाका मारून ते परत बसवलं. कुणासाठी, ते विचारू नका.

योहानच्या गाडीला मागचं सीट नाही, एकट्याचं स्प्रिंगवालं खोगीर आहे. म्हणजे मला जायचं तर माझी गाडी काढावी लागणार. तो म्हणाला, "माझी म्हातारी वाटेत बसली तर तिला उठवनार कोन? तूच पायजे." आणि मग मान खाली घालून म्हणाला, "रस्ता सुप्याचा न्हाई, किसन. उलटा हाय." एवढ्यावर मी तयार झालो.

रविवारी सकाळी आठला निघालो. योहाननं लग्नातला कोट घातलेला, बटणं लागत नव्हती. मी स्वेटर, कानटोपी, वर हेल्मेट. पाना-पक्कडची पिशवी पुढं टाकीवर बांधली. मागचं सीट पूर्ण रिकामं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. मागं पिशवी नाही, दोरी नाही, फडकं नाही.

त्याची गाडी चाळीसच्या वर जात नाही, म्हणून मी पुढं हळू, तो माझ्या मागं. सगळी दुनिया आम्हाला ओलांडून जात होती.

विळद घाटाच्या उतारावर एक दूधवाला बाजूनं आला, कॅन लटकवलेला. माझ्याकडं बघून त्यानं मागच्या चाकाकडं बोट केलं. तोंड हलत होतं, ऐकू काही आलं नाही. आपल्याकडं कसं असतं, कुणाचं साईड स्टँड खाली राहिलं की अनोळखी माणूससुद्धा बोट दाखवतो. मी टाचेनं स्टँड चाचपलं. वर होतं. हात वर करून त्याला ठीक आहे म्हटलं, तो गेला.

मग मी गाडी कडेला घेतली.

योहान आला, म्हणाला काय झालं. मी म्हटलं काही नाही, स्टँड बघितलं. त्यानं एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि सोडून दिलं.

कृषी विद्यापीठाचं गेट मागं पडलं, राहुरी जवळ आली. मागून हॉर्न वाजायला लागला, सारखा. स्कूटीवर दोन कॉलेजच्या पोरी. त्या उजव्या बाजूनं, माझ्या बऱ्या कानाकडून आल्या. मागं बसलेली ओरडली, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"आजोबा, आजींचा पदर चाकात जाईल."

मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. गाडी सरकली, कशीबशी पाय टेकून उभी राहिली. मागं वळून बघितलं. रिकामं सीट. काळं रेक्झिन, वर धूळ. पोरी तोपर्यंत पुढं निघून गेल्या होत्या.

योहाननं सगळं बघितलं होतं. पोरी काहीतरी ओरडल्या हे त्याला दिसलं, काय ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी सांगितलं. तो उतरला, कोट सावरत वाकला, चाक बघितलं, साडीगार्ड हलवून बघितलं, सीटखाली हात घातला. मग पोरींना दुसरंच कुणीतरी दिसलं असेल, पुढं एखादी जोडी चालली असेल, असं बोलायला लागला. रस्त्यावर पुढं कुणी नव्हतं. त्यालाही ते दिसत होतं.

"पोरी हायेत," तो म्हणाला. "चेष्टा करत्यात म्हाताऱ्यांची."

पदराची चेष्टा कोण करतं?

परत फिरू म्हणालो असतो, पण त्याचं तोंड बघून नाही म्हणालो. दोन महिने तो बापाच्या गाडीवर सोनेरी रेघा मारत होता.

प्रदर्शन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. जुन्या मोटारी, टपाशिवायच्या जीपा, साईडकार लावलेल्या स्कूटर, एक लाल ट्रॅक्टर तर माझ्या वयाचा. दोरी बांधलेली, प्रत्येक गाडीपुढं पुठ्ठ्यावर मालकाचं नाव. मालक फेटे बांधून उभे. पुण्याच्या लोकांच्या गाड्या पुढं, मांडवात. योहानला कोपऱ्यात जागा दिली, मुतारीच्या बाजूला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बापाचा फोटो खिशातून काढून त्यानं हँडलला टेकवला. मी म्हटलं माझी पण लावू का लाईनीत. तो म्हणाला, "गाडी नको, तूच उभा राहा. तुझं मॉडेल जुनं हाय आन् सगळं ओरिजनल हाय, कानाचा हॉर्न सोडून."

मी हसलो. सव्वा वर्षात पहिल्यांदा. आणि हसल्याबरोबर मला वाटलं की मी नीच आहे.

तिथं निम्म्या मोटारसायकलींना साडीगार्ड होतं. एका गाडीचं तर सुंदर होतं, गोल सळ्यांचं, वेलबुट्टीसारखं वाकवलेलं. मालक सांगत होता की हे काढायचं होतं, परदेशी मॉडेलला नसतं, पण राहू दिलं. मी त्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. चांगल्या हाताचं काम होतं. मी तिथं उभ्या उभ्या रडलो. मालक म्हणाला, काका, तब्येत बरी आहे ना?

योहाननं मला बाजूला नेलं. लिंबाच्या झाडाखाली बसवलं, वडापाव आणला. तिथं मी त्याला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, लेकीला नाही.

त्या दिवशी चासच्या पुढं एक मोटारसायकलवाला माझ्या डाव्या बाजूनं आला होता. खाली बोट दाखवत होता. तोंड हलत होतं. मी टाचेनं स्टँड चाचपलं, वर होतं. मी हात वर केला, ठीक आहे म्हटलं. तो माणूस निघून गेला. एवढ्यात विजेचे चार खांब मागं पडले असतील. मग गाडी हलकी झाली.

इंदूनं पण हाक मारली असेल. माझ्या डाव्या कानामागं बसायची ती.

योहाननं वडापाव कागदात परत गुंडाळला. मांडवात स्पीकरवर कुणाला तरी बक्षीस जाहीर होत होतं.

"संगीताला सांगितलं?"

"न्हाई."

"सांगू नको." मग थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाई किसन, सांग. तुला पेलना हे."

तीन वाजता निघायची वेळ झाली. योहान म्हणाला, त्याच्या भाच्याचा टेम्पो नगरला जाणार आहे, तुझी गाडी त्यात टाकू, तू केबिनमध्ये बस. मी नको म्हटलं. तो चिडला, मी वेडा झालोय म्हणाला. मी त्याला काय सांगणार? माझ्या डोक्यात एकच होतं. परत कुणीतरी बोट दाखवील. या वेळी मी स्टँड चाचपणार नाही. या वेळी मी लगेच थांबेन.

खरं सांगतो, मी तशी वाट बघत गाडी चालवली. आरशात बघायचो, मागून कुणी आलं की वेग कमी करायचो. माणसं येत होती, जात होती. कुणी हात करीना. देवळाली प्रवरा गेली. राहुरी फॅक्टरीच्या चौकातून नगरच्या रस्त्याला लागलो. मला भीती वाटायला लागली की आता कुणी दाखवणारच नाही.

फॅक्टरीच्या थोडं पुढं समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या भरलेल्या. ड्रायव्हर लांबूनच सीटवरून अर्धा उठला आणि दोन्ही हात हलवायला लागला. मग बोट. माझ्या मागच्या चाकाकडं.

मी थांबलो. तिथल्या तिथं. मागं बघितलं नाही, आधी गाडी बंद केली, उतरलो, रस्त्यावर गुडघे टेकले. चेनमध्ये कापड अडकलं तर पुढं ओढायचं नसतं, चाक उलटं फिरवायचं, म्हणजे सुटतं. मी साडीगार्डाखालून हात घालून चाक उलटं फिरवलं. हाताला काही लागलं नाही. तरी फिरवत राहिलो. आणि तोंडानं म्हणालो, "उतर. उतर खाली, थांबलोय मी."

ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर कडेला लावून धावत आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. योहान पण पोचला होता, म्हणून हे एकट्या माझ्या कानावर सोडत नाही, त्यानंही ऐकलंय.

"बाईंना लागलं का?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

योहान म्हणाला, कोण बाई?

"ह्यांच्या मागं बसल्या हुत्या त्या." तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायला लागला, नाल्यात वाकून बघितलं. "पदर लोंबत हुता खाली. एका हातानं तरी धरायचं ना गाडीला. दोन्ही हातात बरणी धरून बसल्यात."

योहान माझ्याकडं बघायला लागला. त्याला बरणीचं माहीत नव्हतं.

बरणीचं कुणालाच माहीत नव्हतं, मी आणि संगीता सोडून. त्या दिवशी लेकीसाठी लिंबाचं लोणचं होतं, चिनी मातीच्या बरणीत. पिशवीत हिंदकळेल म्हणून इंदूनं मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी. म्हणून तिला पदर सावरता आला नाही. ते तुकडे मी स्वतः रस्त्यावरून गोळा केले होते.

ट्रॅक्टरवाल्याला योहाननं काहीतरी सांगून लावून दिलं. तो जाईपर्यंत मागं वळून वळून बघत होता. मी तिथंच बसून राहिलो, ऊन उतरायला लागलं तरी. शेवटी योहाननं काखेत हात घालून उठवलं. मी गाडीला किक मारली आणि निघालो.

निघाल्याबरोबर कळलं. गाडी हलकी होती. सकाळपासून ती जड चालत होती हे मला तेव्हा समजलं. इतके दिवस उभी आहे, इंजिन जाम झालंय, असं मी धरून चाललो होतो. आता ती नुसती पळत होती.

नागापूरपर्यंत कुणी हात केला नाही. मला वाटलं, सुटली. थांबलो एकदाचा, आणि ती सुटली. सव्वा वर्षानं मी पोटभर जेवलो त्या संध्याकाळी.

झोपायच्या आधी दाराला कडी घालताना माझ्या ध्यानात आलं. मी तिला उतर म्हणालो. आणि मग मी गाडीला किक मारून निघून आलो. बस म्हणालोच नाही.

चाळीस वर्षांत ती स्वतःहून कधी गाडीवर बसली नाही. मी गाडी चालू करायचो, मान वळवून "बस" म्हणायचो, मग ती बसायची. नाही म्हटलं तर उभी राहायची, गाडी चालू असली तरी. मी हसायचो तिला. आणि त्या रस्त्याला ती जन्मात कधी गेलेली नव्हती. तिकडं तिचं कुणी नाही. तिला बोर्डसुद्धा वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथं गेलो. ट्रॅक्टरच्या चाकाचे वळ मातीत होते. गाडी चालू ठेवून उभा राहिलो, म्हणालो, बस. घरी आलो. गाडी हलकीच.

त्यानंतर संगीताला फोन करून सगळं सांगितलं, चासचं पण आणि हे पण. शेवटी म्हणाली, "मानूस सांगत हुता आन् तुमी हात केला, आबा?" मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. आता दोन महिने होतील. जावई फोन करतो, तब्येत विचारतो. ती बाजूलाच असते, मला तिचा खोकला ऐकू येतो. फोनवर येत नाही.

भंतेजींना विचारलं. ते चांगले माणूस आहेत. म्हणाले, आत्मा वगैरे काही नसतं, दुःखानं मन असं करतं. मला पटतं. आमच्या आज्यालाही पटलं होतं. पण मन माझं होतं, दूधवाल्याचं नव्हतं. त्या पोरींचं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला बरणी कुणी दाखवली? योहान आता या विषयावर नुसता क्रॉस करतो छातीवर. मी लोखंडातला माणूस. जेवढं घडलं तेवढं लिहिलंय, वर एक अक्षर चढवलं नाही.

मी दर रविवारी जातो. राहुरी फॅक्टरीच्या पुढं, श्रीरामपूरकडून येताना डाव्या हाताला, पाटाची चारी ओलांडली की बाभळी आहेत तिथं. गाडी चालू ठेवतो, बस म्हणतो, मग अगदी सावकाश नागापूरपर्यंत येतो. उजव्या कानावरची टोपी वर करून ठेवतो. लोक ओलांडून जातात. कुणी माझ्याकडं बघत पण नाही.

तुमच्यातलं कुणी त्या रस्त्यानं जात असेल, आणि हळू चाललेला एक म्हातारा दिसला, आणि त्याच्या मागं काही दिसलं, तर हात करा. उजव्या बाजूनं या. मी थांबतो.